‘जेवाले’ला आलेला हशा

नागपूरच्या रामदासपेठेतल्या हॉलमध्ये पहिला हशा उसळला तेव्हा मी पुस्तकांच्या टेबलामागे उभा होतो. वाटलं, माईकनं काहीतरी घोळ केला. माईक ठीक होता. सुमनताई वाचत होत्या.

सुमनताई काटोलच्या. संत्र्याची बाग सांभाळता सांभाळता त्यांनी आपल्या आईवर पुस्तक लिहिलं, आयुष्यातलं पहिलंच. मी प्रकाशनात संपादक, म्हणजे लेखकाचं लिखाण छापण्याआधी नीट करून देणारा माणूस. त्यांचं निवेदन प्रमाण मराठीत होतं. आई मात्र वऱ्हाडी बोलायची. ते बोलणं मी मुद्दाम नीट केलं नाही.

आमचे सर, म्हणजे प्रकाशक, तेव्हाच म्हणाले होते, "शुद्ध करून टाक ना यार. रडायच्या जागी लोक हसतील."

"नागपुरात? सर, घरी आपण हेच बोलतो."

"घरी बोलतो गा. स्टेजवर नाही."

मी अडून बसलो. सुमनताईंचंही एकच मागणं होतं, "मायचा आवाज बदलवू नका, भाऊ."

वाचायला त्यांनी शेवटचं प्रकरण घेतलं. आई दवाखान्यात, डॉक्टरांनी हात टेकलेले, उशाशी लेक. वाचताना त्यांचा आवाज कापत होता.

"मले घरी घेऊन चाल वं. इथं तुले जेवाले कोण देईन?"

हॉल हसला. टाळ्याही पडल्या. मागून कोणीतरी ओरडलं, "वा! एकदम अस्सल!" स्टेजवरची वऱ्हाडी यांनी ऐकली ती नकलांच्या कार्यक्रमात. हसणाऱ्यांत गांधीबागेतले माझे सख्खे मामा होते. मामी त्यांना रोज "जेवाले चाला" म्हणूनच हाक मारते.

सुमनताईंनी एकदा पुस्तकाकडे बघितलं, एकदा लोकांकडे. कसंनुसं हसल्या आणि उरलेलं भरभर वाचून टाकलं. आई गेली, त्या वाक्याला हॉल चिडीचूप झाला. ते वाक्य प्रमाण मराठीत होतं.

टेबलावरच्या सगळ्या प्रती उठल्या. सर खूश.

"पुढच्या आवृत्तीचा ब्लर्ब बदलव," ते म्हणाले. ब्लर्ब म्हणजे मागच्या कव्हरवरचा मजकूर. "टाक, ‘खुमासदार वऱ्हाडी, पानोपानी हशा’."

"सर, यात आई मरते."

"अरे, पण लोक हसले ना?"

सुमनताईंना बसवर सोडायला मीच गेलो. बसच्या खिडकीत बसल्यावर म्हणाल्या, "भाऊ, दुसऱ्या आवृत्तीत मायचं बोलणं शुद्ध करून द्याल का?"

"काहून, ताई?"

"तिले जितेपणी कोणी हसलं नव्हतं."

मी करून दिलं. ‘मला घरी घेऊन चल. इथे तुला जेवायला कोण देईल?’ व्याकरणाची एकही चूक नाही. पुढच्या वाचनाला त्या जागी लोकांनी डोळे पुसले, माझ्या मामांनीसुद्धा. सुमनताई मात्र कोरड्या आवाजात वाचत राहिल्या, ती दुसऱ्याच कोणाची आई असावी तशा.

धडा एवढाच. नागपुरात कोणाच्या मायला सुखानं मरायचं असेल, तर तिनं पुण्याच्या भाषेत मरावं.