उभ्यानं फोडलेली सुपारी

कोमट पाण्याच्या टबात बसलं की मला गुंगी यायची. झरोक्यातून दुपारचं ऊन पाण्यावर उतरायचं, गल्लीतल्या रिक्षा कुठंतरी लांब वाजायच्या, आणि दुखणं दुसऱ्याच कुणाचं वाटायचं. डोळे मिटले की लेक लहान होऊन समोर यायची, मांडीवर बसून वाटाणे सोलायची. मग पाणी गार व्हायचं, मी उठायचो आणि आई गं!

मूळव्याध झाली होती मला. बाहेरची. पंचवटीत माझा भाजीचा गाळा. पहाटेपासून गादीवर ठाण मांडायचं, पाणी प्यायचं विसरायचं, आणि मग संडासात कुंथत बसायचं. एक दिवस तिथं गाठ आली, टणक, निळसर, द्राक्षाएवढी. लाजेपायी डॉक्टरकडे उशिरा गेलो.

"शिरेत रक्त गोठलंय," डॉक्टर म्हणाले. "लगेच आला असतात तर छोटा काप देऊन काढलं असतं. आता हळूहळू आपोआप जिरेल. कोमट पाण्यात बसत जा, मलम लावा, इसबगोल घ्या, पाणी भरपूर प्या. जोर करायचा नाही. रक्त गेलं किंवा दुखणं वाढलं तर लगेच या. आणि पालेभाज्या खा."

"अहो, मी विकतो त्या!"

"विकून पोट साफ होत नाही."

घरी मात्र मी ब्र काढला नाही. बायकोला सांगितलं की ती बहिणीला सांगणार, बहीण गावाला. त्यात लेकीचा साखरपुडा तोंडावर. मुलगा तिनंच पसंत केलेला, सिन्नरला कारखान्यात नोकरीला. आधी मी कुरकुर केली होती. मग पोरगा मनापासून आवडला, पण ते बोलायचं राहूनच गेलं. घरच्यांना दिसत होतं एवढंच, की बाप जेवायला बसत नाही आणि बाथरूमला कडी लावून आत बसतो.

साखरपुड्याच्या दिवशी पाहुणे आले, गुरुजीही आले. आमच्यात दोन्ही बाप पाटावर समोरासमोर बसल्याशिवाय सुपारी फोडत नाहीत. व्याही बसले. मी भिंतीला टेकून उभा. दुखण्यानं डोकं बधिर झालेलं, उदबत्तीच्या धुरात माणसं तरंगल्यासारखी दिसत होती.

"बसा ना, पाहुणे."

"असू द्या, बरंय."

बायकोनं डोळे वटारले. व्याह्यांचा चेहरा उतरला. लेकीनं मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं.

"बाबा, तुमच्या मनात नसेल तर आत्ताच सांगा. मी बाहेर जाऊन नाही म्हणते. तुम्हाला दुखवून मला लग्न नाही करायचं."

अरे देवा, ही पोरगी चांगलं जुळलेलं मोडायला निघाली होती!

"अगं, मूळव्याध झालीय मला!" मी ओरडलो. "बसता येत नाही!"

बाहेरच्या गप्पा एकदम थांबल्या. झालं, म्हटलं, आता सगळ्या नाशकाला कळलं. मान खाली घालून बाहेर आलो. व्याही पाटावरून उठून उभे राहिले.

"एवढंच होय! मला वाटलं, आमचंच काही चुकलं. गुरुजी, उभ्यानंच होऊन जाऊ द्या."

गुरुजी उठले, मग बैठकीतले सगळेच उठले. सुपारी फुटली. कुणीतरी पेढा माझ्या तोंडात कोंबला. लेक पाया पडायला वाकली आणि उठताना माझ्या कानाशी आली.

"म्हणजे तो आवडलाय ना तुम्हाला?"

"आवडलाय गं बाई, फार आवडलाय," मी म्हणालो, आणि सगळ्यांसमोर रडलो.