रूथच्या हातची घडी

कल्पना करा, तुमच्यापुढे अंगणभर गुळगुळीत पांढरं कापड पसरलं आहे. त्याच्या अठ्ठावीस पाकळ्या, अठ्ठावीस दोऱ्या. हे सगळं उशीएवढ्या पिशवीत असं भरायचं, की विमानातून उडी घेतलेल्या माणसाच्या डोक्यावर ते क्षणात उघडावं आणि एकही दोरी गुंतू नये. चुकलात, तर तक्रार करायला तो माणूस परत येत नाही.

१९४८ साली पाचपावलीतल्या अनुसयेला या कामाची काहीच माहिती नव्हती. ती कोष्ट्याची सून. घरचा माग बंद पडल्यापासून पोलकी शिवायची. लकडगंजच्या जुना माल विकणाऱ्या ताराचंदकडून तिनं दोन हवाई छत्र्या आणल्या, महायुद्ध संपल्यावर अमेरिकन फौज जाताना विकून गेलेल्या. एक उसवली आणि कापड खळीत बुडवलं. कोष्ट्याच्या घरात कोऱ्या सुताला आधी खळच देतात. पण हे पडलं नायलॉन. खळ निथळून गेली. शेजारणींनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी मोहल्लाभर झालं, की या कापडानं मेलेल्या गोऱ्याचा घाम प्यायला आहे, म्हणून ते खळ धरत नाही.

प्रयागबाई तडक आली. तिच्या शामलाचं लग्न आठ दिवसांवर होतं आणि पाच पोलकी याच कापडाची शिवायला टाकलेली.

"काहून वं अनुसया, मुडद्यावरचं कापड माह्या पोरीच्या अंगावर चढवून राहिली?"

हिनं पोलकी नाकारली, तर मोहल्ल्यात कोणी साधं ठिगळसुद्धा लावायला देणार नाही, हे अनुसयेला कळत होतं. तिनं दुसऱ्या छत्रीची न उघडलेली पिशवी पुढे ठेवली, पोलकी आता हिच्यातूनच शिवते म्हणाली. पिशवीच्या खिशात एक कार्ड निघालं. शाळेत शिकवणाऱ्या कुसुमताईंना बोलावलं. त्यांनी वाचून सांगितलं, "दर दोन महिन्यांनी उघडून पुन्हा घडी घातली आहे. उडीचा रकाना कोरा आहे. ही कोणी वापरलीच नाही."

प्रयागबाईच्या कपाळावरची आठी सैल झाली. मग तिनं बोट ठेवलं, "आन् हे सही कोनाची?"

"रूथ. त्यांच्या फौजेतली बाई."

"बाई? मंग तं कार्डच खोटं. बाईच्या घडीवर भरोसा ठेवून कोनता मर्द आभाळातून उडी मारन?"

"लढाईत त्यांनी बायका भरती केल्या होत्या. पेपरात आलं होतं."

"पेपरात काहीबी येते, ताई."

खरं तर क्षणभर अनुसयेच्याही मनात हेच आलं होतं. त्याचाच तिला राग आला. तिनं पिशवीचे बंद तोडले. काठावर काठ बसलेला, दोऱ्या सारख्या वेटोळ्यांत, कुठे एक चुणी नाही. तिनं सगळं अंगणात पसरलं.

"घे बाई, भर परत. मी बी लागतो हाताले."

प्रयागबाईनं पदर खोचला. दुपार गेली, चहा झाला, कापड सुळकन निसटत राहिलं. तिसऱ्यांदा पिशवी फुगून फाकली, तेव्हा ती घाम पुसत म्हणाली, "हे मर्दाचं काम नोहे. तो अर्ध्यातच बिडी प्यायले उठला असता."

तरी जाताना तिनं बजावलं, "तीन पोलकी हळदीसाठी शिव. मांडवातली दोन सुतीच पाहिजेत मले."

अनुसया कापड गोळा करत बसली. मग कुसुमताईंना म्हणाली, "ताई, तीन पोलक्यासाठी हिनं मले दिवसभर खोदून इचारलं. त्या रूथच्या घडीवर जीव टाकनाऱ्यानं उडी मारायच्या आंधी तिले काय इचारलं असंन?"