सोडून दिलेला मासा

कॅनडाच्या उत्तरेकडच्या एका तळ्यावर माझ्या मुलाने, निखिलने, मासा धरला तेव्हा मला आधी दिसले ते त्याचे डोळे. दुधी काचेच्या गोट्यांसारखे. वॉलआय म्हणतात त्या माशाला तिकडे. गळाला लागल्यावर बराच वेळ दमवून, मग जाळीत घेऊन त्याला होडीत ओढलं होतं.

मी मालवणची. माझ्या मनात लगेच तिरफळं घातलेलं कालवण उकळू लागलं. निखिलने मात्र मोजपट्टी काढली, मासा तिच्यावर निजवून मोजला आणि हात लांब करून कॅमेऱ्यासमोर धरला. "असा पुढे धरला की मोठा दिसतो, आई," तो म्हणाला. फोटो झाला आणि मासा परत पाण्यात.

"खायचा नाही?"

"एवढे मोठे सोडून द्यायचे असतात. जीव आहे ना त्याला."

जीव आहे हे आमच्या घरीही ठाऊक होतं. म्हणून तर माझी आई माशाचं डोकंसुद्धा वाया जाऊ देत नसे. इथे ओठ फाडायचा, दम काढायचा आणि वर दयाळू म्हणवून घ्यायचं. मासा होडीशेजारी क्षणभर तसाच राहिला, कुठे जायचं ते विसरल्यासारखा.

माझ्या परतीच्या दिवशी विमानतळावर निखिलने माझ्या खांद्यावर हात टाकला. "आई, थोडी पुढे ये," म्हणाला. सुनेने फोटो काढला. मग त्याने हात काढून घेतला. मीही क्षणभर तिथेच उभी राहिले.