भरलेल्या डिरेक्टरीवर चढवलेली डिस्क

आधी दादांचं सांगतो. दिघ्याच्या आमच्या कंपनीतले सगळे कॉम्प्युटर त्यांच्या ताब्यात. दादा खाडीकाठच्या गावातले. त्यांच्या भातखाचरांवर आता कारखान्यांच्या शेड उभ्या होत्या. मी नववीतून शाळा सोडलेला, नांदेडकडचा. टायपिंग यायचं, पण कामावर घेतलं ते दादांनी शब्द टाकला म्हणून. "बघू थोडे दिवस," एवढंच साहेब म्हणाले होते. जमलं नाही तर गावाची गाडी.

एका दुपारी नवी हार्ड डिस्क बसवून दादा जेवायला निघाले. "माउंट करून ठेव. शिकवलाय ना?"

शिकवलं होतं. आमचं मशीन ज्यावर चालायचं त्या युनिक्समध्ये डिस्क नुसती जोडून भागत नाही. माउंट म्हणजे ती एखाद्या डिरेक्टरीवर, फायलींच्या कप्प्यावर, चढवायची, मग त्या वाटेनं आत जाता येतं. डिस्क ड्रॉइंगसाठी आणलेली, म्हणून मी ती सरळ ड्रॉइंगच्या डिरेक्टरीवर चढवली. आत शिरून यादी मागितली, तर एकही ड्रॉइंग नाही! कारखान्याच्या सगळ्या मशिनींची ड्रॉइंग होती तिथं.

टीव्हीसारखं बंद करून चालू केलं तर येईल, असं वाटून स्विचकडे हात नेला, आणि मागून मनगट धरलं गेलं. दादा डबा धुऊन आले होते.

"आदी हात काढ! याच मशीनला जोडलेल्या बाकीच्या टर्मिनलवर मानसं काम करतायत." त्यांनी स्क्रीन बघितली आणि हसायलाच लागले. "आरं, भरती आली म्हनून चिखल गेला का? खाली हायेच तो. रिकाम्या डिरेक्टरीवर चढवायची असते. उतरव आता."

यूमाउंट टाइप केलं. उत्तर आलं, डिव्हाइस बिझी.

"दादा, आता उतरतही नाही हो!"

"उतरंल कशी? तूच आत बसलायस. होडीत बसून होडी उचलतोस काय? बाहेर ये."

सीडी, एक तिरकी रेघ, एंटर: त्या डिरेक्टरीतून बाहेर आलो. पुन्हा यूमाउंट. मशीन काहीच बोललं नाही. युनिक्स गप्प राहिलं की काम झालं समजायचं. त्या डिरेक्टरीची यादी मागितली आणि ड्रॉइंगची नावं सरसर वर सरकू लागली.

तेवढ्यात साहेब दारात. "झाली का डिस्क?"

"हा करतोय, साहेब. येतंय त्याला," दादा म्हणाले आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली.

मी नवी, रिकामी डिरेक्टरी केली. साहेबांच्या देखत डिस्क चढवली.

गावाची गाडी पुढं पकडली ती दिवाळीच्या सुट्टीलाच. आज कुठलीही डिस्क द्या, चढवतो. आधी डिरेक्टरी रिकामी आहे का बघतो. उतरवताना आधी स्वतः बाहेर येतो.

दादा, तुमची लेक कॉम्प्युटर शिकणार म्हणत होतात. ती घाबरून स्विचकडे हात नेईल तेव्हा मागं मी उभा असेन. मग तिच्यासाठीही कुणापुढे शब्द टाकीन. हे मी फेडणार, दादा.