मागच्या दाराची चावी

कशेळीच्या पुढे आमची भातशेती होती, तिथे गोदामं उभी राहिली. जमीन दिलेल्या घरांतल्या बायकांना आत पॅकिंगला लावलं. वयाने मोठी म्हणून मला मुकादम केलं. शिकलेली मी चौथी. साबणाच्या वड्या बांधून खोक्यात भरायचं काम. चोरी होऊ नये म्हणून मागच्या दाराला बाहेरून कुलूप आणि पुढचं शटर गुडघ्याएवढंच उघडं. वर पत्रा. सुटी होईपर्यंत आम्ही आतच.

मोबाइल नुकते साहेब लोकांच्या हातात आले होते, त्या वर्षांत कंपनीने ठाण्याहून एक मॅडम पाठवली. मॅनेजरला आणि आम्हा मुकादमांना माणसं कशी सांभाळायची ते शिकवायला. ती मला म्हणाली, "मावशी, ओरडू नका. आधी विचारा आणि मग गप्प बसून ऐका."

मी मॅडमसमोरच बायकांना गोल बसवून विचारलं, "बोला गं, काय अडचण हाय?"

सगळ्यांनी डोक्यावर पदर ओढले. "काय न्हाय, काकी."

मॅडमला वाटलं, खरंच काही नाही. पण त्यातल्या निम्म्या नात्याने माझ्या सुना. आमच्याकडे सून सासूच्या तोंडावर गाऱ्हाणं सांगत नाही. सांगायचंच असेल तर भिंतीला सांगते, सासूला ऐकू जाईल अशा आवाजात. मॅडमला हे कुठून माहीत असणार?

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे पाठ करून बसले आणि खोकी दुमडायला लागले. थोड्या वेळाने एक जण खोक्यांच्या थप्पीला म्हणाली, "काल ही पाय घसरून पडली म्हनं. कशाचा पाय घसरतोय, पोटुशी बाई, गरम्यानं पडली ती."

दुसरी म्हणाली, "काकीला कोन सांगंल? काकी बोलंल, घरी बस."

"मंग दार उघडा म्हनावं. हवा तरी यील."

पोटुशी होती ती माझ्या शेजारणीची सून. मी तशीच उठून मॅनेजरकडे गेले. त्याचंही शिक्षण चालू होतं, त्यामुळे त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मावशी, आपको क्या लगता है? उपाय काय?" मॅडमने शिकवलेलाच प्रश्न. मॅडम येण्याआधी त्याने मला दारातूनच हाकललं असतं, एवढा फरक पडला होता.

"मागचं दार उघडा."

"आणि माल गेला तर?"

त्याने खणातून चावी काढून माझ्यापुढे ठेवली. "मग ही तुमच्याकडे. दारात तुम्ही बसायचं. बाहेर जाणाऱ्या प्रत्येकीला तपासायचं. काही कमी पडलं तर नाव तुमचं."

नको म्हटलं असतं तर दार बंदच राहिलं असतं. मी चावी कमरेला खोचली.

दार उघडलं. शेजारणीची सून दाराजवळ बसून काम करू लागली आणि पुन्हा पडली नाही. अडकले ती मी. जेवणाच्या सुटीत बायका झाडाखाली जायच्या, मी दारात. भाच्याच्या हळदीलाही मला जाता आलं नाही. कारण चावी दुसऱ्या कुणाकडे द्यायची नाही, असं मॅनेजर साहेबाने सांगून ठेवलेलं. आणि संध्याकाळी माल मोजून होईस्तोवर मी दारातून हलायची नाही.

तपासायचं मात्र मला जमलं नाही. सुनांचे ओचे मी काय चाचपणार? एकदा हात लावला असता, तर त्या भिंतीशीही बोलायच्या बंद झाल्या असत्या. म्हणून मी बाहेर तोंड करून, त्यांच्याकडे पाठ करून बसायची.

एकदा साहेब येऊन उभा राहिला. "मावशी, ऐसे बैठके क्या दिखता है?"

"ट्रक दिसतात," मी म्हटलं.

त्याने माझ्या कमरेच्या चावीकडे पाहिलं. चावी परत मागेल असं मला वाटलं, आणि मागितली असती तर बरंही वाटलं असतं. त्याने मागितली नाही. मागे कुणीतरी खोक्यांना सांगत होतं, "काकी सकालधरनं जेवली न्हाय." मी ट्रक बघत राहिले.