योना भांडुपला गेला

विक्रोळीच्या संत मथियाच्या चर्चमध्ये पितळेचा एक गरुड आहे. पंख पसरलेले, चोच वर, आणि पाठीवर शास्त्राचं जाडजूड पुस्तक उघडं. साहेबाच्या काळातला आहे म्हणतात. दर रविवारी मराठी उपासनेत या गरुडामागं उभं राहून जुन्या करारातला पाठ वाचण्याचा मान शांतवन अमोलिक यांचा. हा मान त्यांना कुणी दिला होता असं नाही. पण इतकी वर्षं तो त्यांच्याकडे होता की आता गरुडही त्यांचा, पाठही त्यांचा, आणि त्यांच्या मते थोडाफार देवही त्यांचाच.

अमोलिक एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरीला होते. नट-बोल्ट मोजण्यात जन्म गेला आणि तिथं त्यांचं म्हणणं कुणी कधी ऐकून घेतलं नाही. घरी वनमालाबाई होत्या, त्यामुळे तिथं बोलण्याचा प्रश्नच आला नाही. आठवडाभर साचलेला आवाज ते रविवारी क्रीम रंगाच्या सफारीत भरून आणत. गरुडामागं उभे राहिले की आधी घसा खाकरत, मग चष्मा पुसत, मग मंडळी पुरेशी शांत झाली नाही अशा थाटात एकदा सगळ्यांकडे बघत. देव बोलायला लागला की त्यांचा आवाज असा चढे की मागच्या बाकांवरची तान्ही पोरं टाहो फोडत. आया त्यांना उचलून बाहेर नेत आणि उपासना संपेपर्यंत बाहेरच गप्पा मारत बसत. ती त्यांना प्रभूची कृपाच वाटे.

मंडळीही तशीच गुणाची. सकाळी इंग्रजी उपासनेवाले निघतात तेव्हा मराठीवाले दारातून आत शिरतात; दोन्हीकडचे एकमेकांकडे बघून गोड हसतात आणि कुणी कुणाला ओळखत नाही. आत आल्यावर पहिलं काम पंख्याखालची जागा पकडायचं. दुसरं काम, कोण कुणाशेजारी बसलंय ते बघायचं. देवाचा नंबर त्यानंतर. पूर्वी लोक घरून आपापलं शास्त्र बगलेत मारून आणत, वाचकाबरोबर ओळीवर बोट फिरवत. आता सगळ्यांचं शास्त्र फोनमध्ये आहे. फोन उघडला की शास्त्राच्या आधी मावसभावाच्या साखरपुड्याचे फोटो दिसतात, आणि मग शास्त्राला कोण विचारतो! पाळक आढावसाहेब पाठ चालू असताना मान खाली घालून बसलेले दिसत. ते प्रार्थनेत आहेत अशी मंडळीची समजूत होती. ते त्या वेळी उपदेशाचे कागद नंबरवारी लावत असत.

पाठ संपला की अमोलिक म्हणत, ‘हे प्रभूचे वचन.’ मंडळी एका सुरात उत्तर देई, ‘परमेश्वराची उपकारस्तुती असो.’ त्या उत्तरासाठी अमोलिक आठवडा काढत. सगळं चर्च आपल्या एका वाक्यासाठी तोंड उघडतं, हे सुख ज्याला मिळालं नाही त्याला ते सांगून कळायचं नाही.

आणि एके दिवशी त्यांना अक्षरं दिसेनाशी झाली.

डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला. ‘साधं ऑपरेशन आहे काका. आधी एक डोळा, मग दुसरा. मध्ये जरा आराम. गर्दीत जायचं नाही, वाकायचं नाही.’

‘रविवारी पण?’

‘रविवार पण दिवसच असतो काका,’ डॉक्टर म्हणाले.

अमोलिक घरी आले आणि त्यांनी जाहीर केलं की देवानं दिलेल्या डोळ्यांना माणसाचा चाकू लागणार नाही. वनमालाबाई म्हणाल्या, ‘देवानं दिलेला दात काढताना बरा चालला चिमटा!’ पण अमोलिक बधले नाहीत. कारण देवाचं नव्हतंच, कारण होतं योहान मास्तरांचं.

अमोलिकांच्या आधी गरुड योहान मास्तरांचा होता. मास्तरांना हर्निया झाला. ऑपरेशनला जाताना त्यांनी तरण्या शांतवनाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘दोन रविवार सांभाळ रे बाबा.’ शांतवननं सांभाळलं. मास्तर काठी टेकत परत आले, दुसऱ्या बाकावर बसले, आणि पाठाची वेळ झाल्यावर उठायला म्हणून त्यांनी काठीवर भार दिला. शांतवन त्यांच्या बाजूनं जमिनीकडे बघत पुढे गेला आणि गरुडामागं उभा राहिला. मास्तर पुन्हा खाली बसले. त्यानंतर मरेपर्यंत ते त्याच बाकावर बसले आणि दर रविवारी उपासनेनंतर शांतवनला म्हणत, ‘चांगलं वाचतोस.’ हा दाखला अमोलिकांनी जन्मभर जपला होता. मास्तरांच्या अंत्यविधीला पाठही त्यांनीच वाचला. आता आपल्या जागेवर डोळा कुणाचा, हे त्यांना मोतीबिंदूतूनही स्वच्छ दिसत होतं. गंधाली घोलप. तरुण संघाची सेक्रेटरी, आवाज मोकळा, उच्चार ठीक, आणि वाचते फोनवरून! दोन रविवार तिच्या हाती गरुड गेला, की संपलं.

म्हणून ऑपरेशन टाळून अमोलिक गरुडामागं उभे राहिले. त्या दिवशी यिर्मयाचा पाठ होता. समोरच्या पानावर त्यांना मुंग्या दिसत होत्या, त्याही धुक्यातल्या. मागं फिरायची सोय नव्हती. मग लहानपणी नगरकडच्या खेड्यात, रविवारच्या शाळेत छड्या खाऊन पाठ केलेलं जे पहिलं तोंडी आलं ते त्यांनी सुरू केलं. योना, त्याचं देवापासून पळून जाणं, वादळ, मासा. योना माशाच्या पोटात गेला तेव्हा अमोलिकांनी गरुडाचे पंख घट्ट धरले. आता कुणीतरी उठणार. आता पाळक डोकं वर करणार.

‘हे प्रभूचे वचन,’ ते कसेबसे म्हणाले.

‘परमेश्वराची उपकारस्तुती असो!’

आढावसाहेब उठले, उपदेशपीठावर गेले आणि म्हणाले, ‘यिर्मया संदेष्ट्यानं आज आपल्याला जे सांगितलं ते अमोलिक काकांच्या तोंडून आपण ऐकलंच.’ मंडळीनं माना डोलावल्या. चहाच्या वेळी समितीचे खजिनदार समोसा खाता खाता म्हणाले, ‘काका, यिर्मया कळावा तर तुमच्याकडून!’

अमोलिक तरंगत घरी गेले. प्रभूनं मार्ग काढला होता. त्यांना पाच-सहा गोष्टी तोंडपाठ होत्या, त्या ते आलटून पालटून लावू लागले. नोहाचा जलप्रलय, सिंहांच्या गुहेतला दानीएल, रूथ, आणि अडचण आली की योना. त्या पावसाळ्यात योना इतक्या वेळा माशाच्या पोटात गेला की माशालाही त्याची सवय झाली असेल. मंडळीला तर आधीपासूनच होती.

पण सुखालाही कीड लागतेच. हळूहळू अमोलिकांच्या मनात एक विचार कुरतडायला लागला. आज कुणाला कळत नाही ते ठीक. पण मग ज्या वर्षांत आपण खरंखुरं वाचत होतो, आदल्या रात्री उच्चारांची तालीम करत होतो, तेव्हा तरी कुणाला कळत होतं का? त्यांना पहिल्यांदा भीती वाटली, आणि ती पकडले जाण्याची नव्हती.

मग त्यांनी परीक्षा घ्यायला सुरुवात केली. एका रविवारी नोहाच्या तारवात दानीएलचे सिंह घातले. उपकारस्तुती झाली. पुढच्या रविवारी रूथला माशानं गिळलं. उपकारस्तुती झाली, वर महिला मंडळाच्या एका बाईंनी डोळे पुसले. शेवटी अमोलिकांनी हिय्या केला. देवानं योनाला निनवेला जायला सांगितलं होतं. अमोलिकांनी त्याला भांडुपला पाठवलं. सावकाश, अक्षर न् अक्षर तोडून ते म्हणाले की योना उठला आणि भांडुपला गेला, आणि भांडुप हे देवाच्या दृष्टीने फार मोठे शहर होते. समोर तर अर्धी मंडळी भांडुपची बसली होती.

‘परमेश्वराची उपकारस्तुती असो.’

घरी येऊन ते गवार निवडत बसलेल्या वनमालाबाईंसमोर बसले. ‘कसं वाचलं मी आज?’

‘नेहमीसारखं छान.’

‘काय वाचलं?’

‘आता हे काय विचारणं झालं?’ बाईंनी शेंगेचं शेपूट तोडलं. ‘देवाचंच ना?’

अमोलिकांना त्या दुपारी जेवण गेलं नाही. बायकोचा राग आला, मंडळीचा आला, पाळकाचा तर फारच आला. ज्या एका गोष्टीसाठी आपण आंधळं व्हायला निघालो होतो, ती गोष्ट अशी निघावी याचं त्यांना रडू आलं.

अशात चर्चचा वार्षिक सण आला. बिशपसाहेब स्वतः येणार होते. समितीच्या सभेत आढावसाहेब जरा चाचरत म्हणाले, ‘काका, या वेळी पाठ गंधालीला देऊ या का? यूथला पण चान्स मिळेल.’

‘यूथनं चहा वाटावा,’ अमोलिक म्हणाले, आणि विषय संपला.

सणाच्या दिवशी चर्च झेंडूनं भरलं होतं. बिशपसाहेब उंच टोपी घालून, हातात दंड घेऊन वेदीजवळच्या खुर्चीत बसले होते. अमोलिकांनी यशयाचा एक चांगला उतारा मनात घोळवून आणला होता. गरुडामागं उभे राहिले, घसा खाकरला, चष्मा पुसला. समोर माणसांचे नुसते डाग होते. रंगीत साड्यांचे, पांढऱ्या सदऱ्यांचे डाग. आणि त्यांना वाटलं, निदान आज, निदान बिशपच्या देखत, एकानं तरी आपल्याला पकडावं. पकडून खाली बसवलं तरी चालेल.

‘यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातून,’ ते खणखणीत आवाजात म्हणाले. ‘बंधूंनो आणि भगिनींनो, मला यातलं काहीही दिसत नाही. मला मोतीबिंदू झालेला आहे. गेले कित्येक महिने मी तुमच्यासमोर तोंडाला येईल ते बोलतो आहे. मी योनाला भांडुपला नेलं आणि तुम्ही मला अडवलं नाही. मी खोटा आहे, आणि तुम्ही बहिरे आहात.’ त्यांचा आवाज चढला, मागं एक पोर रडलं, आई त्याला घेऊन बाहेर गेली. अमोलिक थांबले. चर्च शांत होतं. सगळे कशाची तरी वाट बघत होते. कशाची ते अमोलिकांना उमगलं, आणि जन्माच्या सवयीनं ओठ आपोआप हलले. ‘हे प्रभूचे वचन.’

‘परमेश्वराची उपकारस्तुती असो!’ मंडळी म्हणाली. सगळ्यांत स्पष्ट आवाज बिशपसाहेबांचा होता.

चहाच्या वेळी बिशपसाहेबांनी अमोलिकांचा हात दोन्ही हातांत घेतला. ‘किती कळकळीनं वाचता! असे वाचक आता राहिले नाहीत हो.’ फोटो निघाला. आढावसाहेब कानात पुटपुटले, ‘आज पाठ छोटा होता, बरं झालं काका. साहेबांची फ्लाइट आहे.’

घरी आल्यावर सफारी काढता काढता अमोलिक म्हणाले, ‘डॉक्टरकडून ऑपरेशनची तारीख घेऊन टाक.’

‘अगं बाई!’ वनमालाबाई म्हणाल्या. ‘आज एकदम कसं काय सुचलं?’

दोन्ही डोळे झाले. गरुड अर्थातच गंधालीकडे गेला. अमोलिक काळा चष्मा लावून परत आले तेव्हा दुसऱ्या बाकावर जागा होती, तिथं ते आणि वनमालाबाई बसले. पाठाची वेळ झाली. अमोलिकांनी उठायचा विचारसुद्धा केला नाही, असं ते पुढे सांगत. पण त्यांचा हात पुढच्या बाकाच्या पाठीवर गेला होता हे खरं. गंधाली त्यांच्या बाजूनं गेली. तिनं शास्त्राच्या उघड्या पानावर आपला फोन ठेवला आणि वाचायला लागली.

अमोलिकांना आता सगळं लख्ख दिसत होतं. गरुडाच्या पंखांवरची धूळ. चोचीवरचा डाग. पोरीच्या नखांवरचा उडालेला रंग. ती एका अवघड नावापाशी अडखळली, तेव्हा त्यांना आतून गुदगुल्या झाल्या. तिनं ओढणी सावरली, तेही त्यांनी टिपलं. श्वास कुठं चुकला, मान कुठं वर करायला हवी होती, सगळं टिपलं.

‘हे प्रभूचे वचन,’ गंधाली म्हणाली.

‘परमेश्वराची उपकारस्तुती असो!’ सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांच्या वर अमोलिकांचा आवाज गेला.

वनमालाबाई त्यांच्याकडे झुकल्या. ‘काय वाचलं हो तिनं? माझं जरा लक्ष नव्हतं.’

अमोलिकांनी सांगायला तोंड उघडलं. नखं आठवली, ओढणी आठवली, चुकलेला श्वास आठवला; पाठ कशाचा होता ते आठवेना. गंधाली परत येत होती, त्यांच्याकडे बघून भीत भीत हसली. काहीतरी म्हणणं भाग होतं.

‘चांगलं वाचतेस,’ ते म्हणाले.

आणि याच दुसऱ्या बाकावरून योहान मास्तर दर रविवारी आपल्याला द्यायचे तो दाखला त्यांना आठवला.