परीक्षेसाठी केलेली प्रार्थना

१९७१च्या जूनमध्ये मी कुंडल सोडलं तेव्हा आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीतली पंधरा-वीस माणसं मला पोचवायला स्टँडवर आली होती. पाळकसाहेबांनी तिथंच, एस.टी.च्या धुरात, डोळे मिटून प्रार्थना केली. कंडक्टर घंटीची दोरी हातात धरून आमेन होईपर्यंत थांबला. माझे वडील, आबा, गवंडीकाम करायचे. ते खिडकीशी येऊन एवढंच म्हणाले, "सबूद द्येवाला दिलायस, मार्था. ध्यानात ठेव."

तो शब्द मी आदल्या रविवारी दिला होता. माझी आई धाकट्या भावाच्या बाळंतपणात सांगलीच्या वाटेवर बैलगाडीतच दगावली होती. गावात शिकलेली नर्स नव्हती. म्हणून सतरा वर्षांची मी भर उपासनेत उभी राहून म्हणाले होते, "नर्स होऊन परत येईन. गावातल्या बायांची बाळंतपणं करीन. प्रभूनं मला ह्याच कामाला बोलावलंय."

सांगलीकडच्या एका मिशन दवाखान्यात मी तीन वर्षं शिकले, मन लावून शिकले. पास झाले त्याच आठवड्यात कळलं की पाचगणीच्या एका बोर्डिंग शाळेला सिकरूमसाठी नर्स हवी आहे. एक वर्ष अनुभव घेऊ, मग गावी जाऊ, असं मी ठरवलं. प्रार्थनेत प्रभूलाही तसंच सांगितलं, जणू त्याची परवानगीच घेतली.

पाचगणीत मी मिस मार्था झाले. कडक इस्त्रीचा पांढरा युनिफॉर्म, ठरलेली ड्यूटी, चार वाजता चहाबरोबर केक. पोरांना ताप, खोकला, फुटलेले गुडघे, याच्यापलीकडं काही नाही. रक्तात कोपरापर्यंत हात घालायचे नाहीत. मला ते आवडलं. घरी मी लिहिलं, "वरची परीक्षा अजून राहिली आहे, त्यासाठी पाचगणीत काम करावं लागतं." एकदा असं लिहिलं की दुसऱ्यांदा हात अडखळत नाही. अडीच वर्षं मी तेच लिहीत होते.

१९७६च्या नाताळात रजा घेऊन घरी आले. उपासना संपत आली तेव्हा पाळकसाहेब म्हणाले, "आपल्या मार्थाच्या परीक्षेसाठी आपण दर रविवारी प्रार्थना करतो. आज ती समोर आहे." सगळी मंडळी उठून उभी राहिली. म्हाताऱ्या राहेलमावशीनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. माझ्या कानाच्या पाळ्या पेटल्यासारख्या झाल्या. तरी शेवटी मी सगळ्यांबरोबर आमेन म्हणाले.

बाहेर शेजारच्या सोनाबाई भेटल्या. त्या आमच्या मंडळीतल्या नव्हत्या, ऊसवाल्या घरातल्या. त्यांच्या सुनेला, हौसाला, आठवा लागला होता. "कवा सुटनार गं तुजी परीक्षा?" त्यांनी विचारलं. "तू असलीस तर आमाला लय धीर यील."

"लवकरच, काकू," मी म्हणाले आणि दोन दिवसांनी पाचगणीची गाडी धरली.

फेब्रुवारीत आबांचं पत्र आलं. हौसा दीड दिवस अडली होती. सांगलीला नेताना बाळ वाटेतच गेलं, हौसा कशीबशी वाचली. खाली एक ओळ होती: तुझी परीक्षा असेल म्हणून तुला बोलावलं नाही.

मी राजीनामा दिला आणि घरी येऊन आबांना सगळं सांगितलं. ते थापी धूत होते. मान वर न करता म्हणाले, "मला ठावं हाय. दोन साल झाली. सांगलीला कामाला गेलतो तवा तुज्या दवाखान्यात डोकावलो. पास हून गेली म्हनले."

"मग मंडळीला का सांगितलं न्हाई, आबा? ती माणसं दर रविवारी..."

"परीक्षा तर चालूच हुती की तुजी," आबा म्हणाले. "मीबी त्यासाठीच हात जोडत हुतो."

पुढच्या रविवारी मी मंडळीपुढं उभं राहून सगळं कबूल केलं. मंडळीनं क्षमा केली, राहेलमावशी रडली. पण सोनाबाईंच्या दारात जाणं त्याहून जड होतं. मी बोलत होते तोवर हौसा जोंधळे पाखडत राहिली. सूप थांबलं नाही. शेवटी सोनाबाई म्हणाल्या, "जा बाई आता," आणि मी आले.

मग मी गावातच काम धरलं. पहिले काही महिने मला कुणी बोलावलं नाही, मीच दारोदार जाऊन पोटुशा बायांची चौकशी करायचे. हौसा दुसऱ्या खेपेला माहेरी गेली. तिसऱ्या वेळी, १९७९च्या उन्हाळ्यात, भर दुपारी सोनाबाई स्वतः पळत आल्या. मी गेले. मुलगी झाली. कळा चालू असताना हौसानं माझं मनगट असं धरलं होतं की वळ उठले. ती म्हणाली, "आता कुटं जाऊ नगंस." तिनं क्षमा केली की नाही, हे मी तिला कधी विचारलं नाही.

आता मी मुलाकडं कुपवाडला असते. तुम्ही जे बाहेर गेलात आणि घरी पत्रं लिहिता, त्या तुमच्यासाठी हे लिहिते आहे. घर म्हणजे काय, असं कुणी विचारलं की मला कुंडलची ती माणसं आठवतात. माझं खोटं त्यांना पक्कं ठाऊक होतं, तरी अडचणीच्या वेळी त्यांनी मलाच हाक मारली.